तपकिरी कडा

मंगळवारी सकाळी दात घासता घासता मी खिडकीतल्या झाडाकडे पाहिलं आणि तोंडात फेस घेऊन तसाच उभा राहिलो. कुंडीतल्या त्या मेपलच्या बोन्सायची नवी पानं, वसंतात फुटलेली, अजून पुरती मोठीही न झालेली, टोकांकडून तपकिरी होत आत चालली होती. खरं सांगायचं तर ती त्या सकाळी झाली नव्हती. पहिलं पान तीन आठवड्यांपूर्वी दिसलं होतं, खालच्या फांदीवर, भिंतीकडच्या बाजूला. तेव्हा म्हटलं, ऊन लागलं असेल. पुढच्या आठवड्यात सहा-सात दिसली. म्हटलं, वारा लागला असेल. आता अर्धं झाड तसं झालं होतं आणि तिसरी सबब सुचत नव्हती. रविवारी मुलगी ते न्यायला येणार होती. झाड तिच्या आईचं. जाण्याआधी बायकोनं ते मुलीला देऊन टाकलं होतं. मुलीच्या खोलीत ऊन येत नव्हतं म्हणून दीड वर्ष माझ्याकडे होतं, आणि आता तिनं गच्ची असलेलं घर घेतलं होतं. राखायला दिलेली एकच वस्तू, तीही मला धड राखता आली नव्हती. बरं, रविवारी ती नुसतं झाड न्यायला येणार नव्हती. तिच्याबरोबर एक कागद येणार होता आणि त्यावर तिला माझी सही हवी होती. त्या कागदाची आठवण झाली की मी झाडाकडे बघायला लागायचो. झाडाचं निदान काहीतरी करता येण्यासारखं होतं.

बायको या झाडाला म्हातारबा म्हणायची. हातभर उंची, एकोणीस वर्षांचं वय, पसरट उथळ कुंडी. 'म्हातारबा आज रुसलेत', 'म्हातारबांना उन्हात बसवलंय' असं तिचं दिवसभर चालायचं. मी म्हणायचो, या घरात त्याची जेवढी चौकशी होते तेवढी माझी होत नाही. त्यावर ती म्हणायची, "तो पानांतून सांगतो तरी. तू काय सांगतोस?" पाणी घालायची तिची एक पद्धत होती. आइस्क्रीमच्या काडीसारखी एक लाकडी काडी ती मातीत खोल खुपसून ठेवायची, सकाळी ती उपसून गालाला लावायची, आणि गार लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कधी तीन दिवस पाणी नाही, कधी एका दिवसात दोनदा. मला ते जादूटोण्यासारखं वाटायचं. ती गेल्यावर काडी कुठे गेली कोण जाणे. मी रोज संध्याकाळी कामावरून आलो की बूट काढायच्या आधी त्याला तांब्याभर पाणी घालत होतो. न चुकता. खाली बशी ठेवली होती, म्हणजे टेबल खराब व्हायला नको. बशीत पाणी साचलं तरी असू दे म्हणायचो. हिवाळ्यात सगळी पानं गळून नुसता सांगाडा उरला, तेव्हाही घालत होतो. घरात दुसरं कोणी नव्हतं ज्याला आल्या आल्या काही द्यावं.

मी एक्स-रे काढतो. तेहतीस वर्षं झाली, त्यातली एकवीस एकाच दवाखान्यात, एकाच खिडकी नसलेल्या खोलीत. आमच्या कामात एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण सगळे पाळतात. दिसतं सगळं, बोलायचं काही नाही. फोटो आपण काढायचा, वाचायचा डॉक्टरांनी. पेशंट शर्टाची बटणं लावत विचारतो, "काय दिसलं हो?" आणि आपण म्हणायचं, "डॉक्टर सांगतील." ते म्हणतानाचा आवाज तुटलेल्या बोटालाही तोच आणि भरलेल्या फुप्फुसालाही तोच. नवीन लागलेल्यांना मी मशीन नंतर शिकवतो, आधी चेहरा शिकवतो. आणि दुसरी गोष्ट शिकवतो, आणखी फोटो शक्यतो मागायचा नाही. "एक अजून घेऊ या" म्हटलं की माणसाचा रंग उतरतो. त्याला काय कळायचं ते कळलेलं असतं, आणि तुम्ही न बोलता बोलून बसलेले असता. घेतलाच पाहिजे असा असला तर "मशीननं त्रास दिला" म्हणायचं. या कसरतीत मी इतका तरबेज झालो की घरीसुद्धा माझ्या चेहऱ्यावर काही उमटेनासं झालं. मुलगी लहानपणी म्हणायची, बाबांच्या तोंडाला इस्त्री केलीय.

बुधवारी मी एक पान पाकिटात घालून कामावर नेलं. आता सगळं संगणकाच्या पडद्यावर दिसतं, पण फिल्म बघायची जुनी उजेडाची काच अजून भिंतीवर आहे. जेवणाच्या सुट्टीत ती लावली आणि पान चिकटपट्टीनं तिच्यावर डकवलं. मागून उजेड आल्यावर पानाची एकेक शीर दिसायला लागली. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. घरात मी भेदरलो होतो, इथे कामाला लागलो. तपकिरी रंग टोकांपासून सुरू होऊन कडेकडेनं आत आलेला. शिरांमधला भाग अजून हिरवा, म्हणजे खताची वाण नसावी. ठिपके नाहीत, वर्तुळं नाहीत, म्हणजे बुरशी नसावी. किडीची परीक्षा सकाळीच झाली होती. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचक्या मारल्या, कागदावर धूळ पडली, आणि चष्मा लावून पाच मिनिटं पाहिलं तरी धुळीतला एकही कण चालू लागला नाही. उरली तहान. पण तहान लागेल कशी, रोज तांब्याभर तर जातं? मग म्हटलं, कमी पडत असेल. वसंत आहे, पानं नवी आहेत, जास्त पीत असेल. त्याच हिशेबानं मंगळवारी संध्याकाळी मी त्याला दोन तांबे घातले होते.

"कोणाचा फोटो?" मागून आवाज आला. शेजारच्या खोलीतले डॉक्टर होते. आम्ही काढलेले फोटो वाचणारे ते हेच. एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर, हातात अर्धं सफरचंद. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, एकटा जेवणारा, फोनवर कोणाशी बोलताना कधी न दिसलेला माणूस. मी सांगितलं, घरचं झाड आहे. ते काचेपाशी आले, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि पेशंटचा पाहावा तसा त्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिले. "झाडातलं मला काही कळत नाही," ते म्हणाले. "पण कडेनं सुरुवात आहे. शेवटपर्यंत पोचत नाहीये काहीतरी. मी असतो तर पानाकडे बघत बसलो नसतो, खालचा पुरवठा बघितला असता." मग सफरचंदाचा घास घेतला. "मिसेसचं झाड का?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि ते आत गेले. त्यांना अजून काही ठाऊक नव्हतं. रविवारी येणारा कागद त्यांच्यावरच्या तक्रारीचा होता.

तीन वर्षांपूर्वी बायकोला मुलांच्या एका वाचनालयात नोकरी लागली, आणि रुजू होताना तब्येतीचा दाखला हवा होता, त्यात छातीचा फोटो. दुपारी ती माझ्या खोलीत आली. "चला, तुमची पेशंट व्हायचं राहिलं होतं तेवढं," असं म्हणून हसली. एरवी ती मला तू म्हणायची. मी तिची हनुवटी वर करून पाटीवर टेकवली, खांदे पुढे लोटले, आत जाऊन सवयीनं म्हणालो, "श्वास घ्या, धरा." घ्या, धरा! तिला हसू आवरेना. मी रागावलो, तेव्हा शहाण्यासारखी उभी राहिली. पडद्यावर फोटो आला. उजवीकडे वर, गळपट्टीचं हाड पहिल्या बरगडीवरून जातं तिथे, वाटाण्याएवढी एक धुरकट जागा. त्या कोपऱ्यात हाडावर हाड येतं, सावलीवर सावली पडते, काहीही दिसू शकतं. अशा वेळी काय करायचं ते मला झोपेत विचारलं तरी सांगेन, माणसाला जरा मागे झुकवायचं आणि आणखी एक घ्यायचा. हाड वर सरकतं, सावली असेल तर जाते आणि डाग असेल तर राहतो. दोन मिनिटांचं काम. तिनं ब्लाउजची बटणं लावायला घेतली होती. "झालं ना? मला पळायचंय," ती म्हणाली, आणि मग डोळे मोठे करून, "काय दिसलं हो?" मी म्हणालो, "डॉक्टर सांगतील." "अरे, मलासुद्धा?" असं म्हणून ती हसत हसत गेली.

संध्याकाळी अहवाल आला, विशेष काही नाही. डॉक्टरांनी त्या दिवशी साठ फोटो वाचले होते. तो कागद हातात घेतल्यावर मला जे हायसं वाटलं ते मी आजवर विसरलेलो नाही. त्या हायसं वाटण्याची मला आता किळस येते. दार उघडून चार पावलं चालून "डॉक्टर, वरचा उजवा कोपरा परत एकदा बघता का?" एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलेलं आहे. अनोळखी लोकांच्या फोटोंसाठी, वर्षातून दोनतीनदा तरी, आणि त्यांनी कधी वाईट मानलेलं नाही. एकदा तर उठून माझा हात हातात घेतला होता. हिच्या वेळेला मी मूग गिळून बसलो, कारण विचारलं असतं तर ते खरं झालं असतं. अकरा महिन्यांनी तिचा खोकला जाईना, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी दुसरीकडे फोटो काढायला सांगितला. वाटाण्याचं लिंबू झालं होतं. पुढे आठ महिने. त्या आठ महिन्यांत तिनं एकदाही मला विचारलं नाही की आधीच्या फोटोत काही होतं का. मी मात्र रोज वाट बघत होतो की ती विचारील, आणि उत्तरही तयार ठेवलं होतं, आणि ते उत्तर खोटं होतं.

मुलीनं विचारलं. म्हणजे मला नाही. नव्या घरासाठी कागदपत्रं चाळताना तिला तो जुना अहवाल सापडला, मग तिनं जुना फोटो मिळवून एका तज्ज्ञाला दाखवला, आणि तज्ज्ञ म्हणाला, डाग तेव्हाही आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, तेच वाईट होतं. "बाबा, अकरा महिने. अकरा महिने तो माणूस शेजारच्या खोलीत बसून सफरचंदं खात होता. मी त्याला सोडणार नाही." मी म्हटलं, "त्या जागी दिसणं अवघड असतं गं." ती म्हणाली, "त्याची बाजू घेऊ नकोस. तू तुझं काम नीट केलंस, फोटो स्पष्ट आहे असं तज्ज्ञच म्हणाले. फक्त तेवढं लिहून दे." मी बरं म्हटलं. सोपं होतं ते म्हणणं.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून मी म्हातारबांना पिशवीत घालून रोपवाटिकेत नेलं. तिथे एक बाई असते, साठीची, मनगटापर्यंत चिखलात हात, बोलणं तोडून टाकल्यासारखं. तिनं पानांकडे पाहिलंच नाही. कुंडी उचलून तोलली, बुडाच्या भोकात करंगळी घातली, करंगळी हुंगली. मग एका डहाळीची साल नखानं खरवडली. खाली हिरवं दिसलं. दुसरीची खरवडली, तपकिरी. "पाणी किती घालता?"

"रोज."

"कोण म्हणालं रोज घाला?"

मी कुंडीकडे बघायला लागलो. ती म्हणाली, "मुळं कुजली की झाडाला पाणी पिता येत नाही. मग पान तहानेनं वाळतं. माणसाला वाटतं तहान लागलीय, माणूस आणखी पाणी घालतो. पानावरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून सगळे फसतात." मग माझ्याकडे पाहिलं. "पहिलं पान कधी दिसलं?"

"चार दिवस झाले."

"चार दिवसांत इतकं होत नाही हो. मला काय, मी झाडासाठी विचारते." ती हात पुसायला लागली. "पहिल्या पानाला आला असतात तर नुसतं पाणी तोडून भागलं असतं. आता उपसून बघा. काळं असेल तेवढं कापा, पांढरं ठेवा. पानंही निम्मी काढा. जगलं तर जगलं." मी आभार मानले. बाहेर पडल्यावर फाटकाशी थांबलो आणि विचार करत राहिलो की हिच्याशी, जिचा माझा काही संबंध नाही, जिला माझ्याकडून काही नको, तिच्याशीही मी खोटं का बोललो. बोलण्याचा फायदा काहीच नव्हता. ते आपोआप तोंडातून आलं, खोकला येतो तसं.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून झाड उपसलं. आधी वास आला, फुलदाणीतलं पाणी आठवडाभर बदललं नाही की येतो तसा. मुळांचा गड्डा कुंडीच्याच आकाराचा, पसरट, आणि बुडाकडून काळा. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा राहिला. कात्री स्पिरिटनं पुसून घेतली आणि कापत गेलो. काळं, काळं, काळं. मध्येच एखादं पांढरं लागलं की जपून बाजूला सारायचं. दीड तास मी मान वर केली नाही. शेवटी जे उरलं ते एका बाजूला मूठभर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मला माहीत आहे, कोणी म्हणेल की हे बायकोच्या दुखण्यासारखंच झालं, दिसत असून बोललो नाही वगैरे. असल्या तुलना मला आवडत नाहीत. बायको झाड नव्हती. तिचा रोग मी दिला नव्हता, आणि हे झाड मात्र माझ्याच हातानं, तांब्या तांब्यानं, प्रेमानं कुजवलं होतं. यातलं कुठलं जास्त वाईट याचा हिशेब मी कात्री चालवता चालवता करत होतो आणि तो लागत नव्हता. नव्या भरड मातीत लावलं, तारेनं कुंडीला बांधलं, नाहीतर उभंच राहिलं नसतं. पानं निम्मी काढायची म्हणून बसलो, पण चांगलं म्हणावं असं पान हुडकता हुडकता जवळजवळ सगळीच निघाली.

रविवारी दहाला मुलगी आली. चपला काढतानाच तिला ते दिसलं. ती खिडकीपाशी जाऊन कुंडीची तार बोटानं चाचपत राहिली. मग मी बोलायला लागलो. हिवाळाभर पाणी घालत होतो, बशी ओतून टाकत नव्हतो, पहिलं पान तीन आठवड्यांपूर्वी दिसलं तरी कोणाला विचारलं नाही, पानं वाळली तसं पाणी वाढवलं, सगळं सांगितलं, एकही दिवस न लपवता. स्वतःचाच आवाज मला नवा वाटत होता. ती येऊन माझ्या शेजारी बसली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. लहानपणापासून तिनं असा हात कधी ठेवला नव्हता. "बाबा, जाऊ दे रे. तुला कसं कळणार? पान वाळलेलं दिसलं की कोणीही पाणीच घालेल. तुझी काय चूक?" मला रडू आलं. मी ते आवरलं नाही, कारण ते झाडासाठी आहे असं तिला वाटत होतं, आणि तिचा हात पाठीवर होता, आणि तो तिथून हलू नये असं मला फार वाटत होतं. दीड वर्षात मला कोणी हात लावला नव्हता.

थोड्या वेळानं तिनं एका हातानंच पर्स उघडून कागद काढला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. दुसरा हात पाठीवरच होता. मी वाचलं. अमुक तारखेला फोटो मी स्वतः काढला, तो तांत्रिकदृष्ट्या स्पष्ट होता, वाचणाऱ्या डॉक्टरांनी त्यात काही आढळल्याचं मला किंवा माझ्या पत्नीला कळवलं नाही. एकही शब्द खोटा नव्हता. माझ्या आयुष्यात मी इतकं सही करण्यासारखं काही वाचलं नव्हतं. डॉक्टरांची नोकरी जाईल, ते कोणाला सांगावं असं त्यांना कोणी नाही, ते सफरचंद खात घरी जातील; आणि इथे हा हात पाठीवर राहील, रविवारी रविवारी मुलगी येत राहील. तिनं पेन दिलं. मी टोपण काढलं.

"मला दिसला होता," मी म्हणालो.

"काय?"

"डाग. आईचा. फोटो काढला तेव्हाच, डॉक्टरांच्या आधी."

ती हसल्यासारखं करून म्हणाली, "बाबा, आता तू उगाच सगळंच अंगावर घ्यायला लागलास."

मी सांगितलं. वाटाण्याएवढा होता. मागे झुकवून आणखी एक घेतला असता तर कळलं असतं. घेतला नाही. ती ऐकत होती, आणि मधेच कधीतरी पाठीवरचा हात गेला. नेमका कधी ते मला कळलं नाही, नुसती तिथली ऊब कमी होत गेली.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"नाही."

"नंतर? अकरा महिन्यांत?"

"नाही."

मला वाटलं ती उठून जाईल. मला वाटलं ती ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या गुडघ्यावरचा कागद उचलला, टेबलावर सरळ केला, आणि वरपासून खालपर्यंत परत वाचला. तक्रार ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांची नावं, असा वर एक मथळा होता. तिथे डॉक्टरांचं नाव होतं आणि त्याखाली दोन ओळी रिकाम्या होत्या. तिनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं. पहिल्या रिकाम्या ओळीवर माझं नाव लिहिलं, पूर्ण, मधल्या नावासकट, आणि तिथे अडली.

"हुद्दा काय लिहितात तुझा?" तिनं वर न बघता विचारलं.

"वरिष्ठ क्ष-किरण तंत्रज्ञ," मी म्हणालो.

ती लिहायला लागली. लिहून झाल्यावर ती मान वर करील म्हणून मी तिच्याकडे बघत बसलो. तिनं ओळ पुरी केली, आणि खालची तारीख घालायला घेतली.